श्रावणभाऊंचा बंद पंखा

भिंतीपलीकडच्या खोल्यांत नवीन बिऱ्हाड आलं आहे. माणसं बरी आहेत. त्रास एवढाच, की त्यांचा पंखा दिवसरात्र चालतो. पंखा जुनाच आहे, आधीचे शेजारी श्रावणभाऊ इथंच सोडून गेले तो. फिरताना खट खट करतो आणि तो आवाज मधल्या भिंतीतून थेट माझ्या उशाशी येतो. मी तुमसरच्या एका शाळेत कारकून आहे. सकाळी वरठीच्या स्टेशनावरून पॅसेंजरनं जायचं, दिवसभर दाखले आणि पगारबिलं करायची, आणि संध्याकाळी गाडी मनावर घेईल तेव्हा परत यायचं. घरी आल्यावर डोक्याला शांतता हवी असते. ती मिळत नाही, मग त्या बिचाऱ्यांवर मनातल्या मनात चिडते. त्यांचं काय चुकतं? भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पंखा लावायचा नाही तर काय डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायचं? पण त्या खोलीतला पंखा बंद असायची आमच्या खोल्यांच्या सगळ्या ओळीला सवय लागली होती. ती काही जात नाही.

श्रावणभाऊ गरीच्या काड्यांचं काम करायचे. गरीची काडी म्हणजे मासे धरायचा रॉड. बांबूची साधी काडी नव्हे, तर नागपूरचे शौकीन लोक गाडीच्या टपावर बांधून आणतात तशी, निमुळती आणि महाग. तिच्यावर ओळीनं बारीक रिंगा असतात, त्यांच्यातून दोर जातो. या रिंगा काडीला धाग्यानं बांधलेल्या असतात. धाग्याचा एकेक वेढा दुसऱ्याला चिकटून, मध्ये फट नाही. आणि त्या धाग्यावर काचेसारखा एक थर असतो. हा थर नीट नसेल तर पाणी आत जातं, धागा सुटतो आणि एखाद्या रविवारी मोठा मासा लागला की रिंग निघून हातात येते. पवनीकडे धरणाचं पाणी पसरल्यापासून असे शौकीन वाढले आणि त्यांच्या निघालेल्या रिंगाही वाढल्या. त्या सगळ्या फिरत फिरत आमच्या ओळीत यायच्या.

भाऊ आयुष्यभर कारखान्यात मोटारी बांधायचे. जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वर वार्निश द्यायचं. रिटायर झाल्यावर तार जाऊन धागा आला, एवढाच फरक. गिऱ्हाइकं त्या थराला इपॉक्सी म्हणायची. भाऊ शेवटपर्यंत वार्निशच म्हणाले. कुणी दुरुस्त केलं तर म्हणायचे, "तुमी काहीबी म्हणा जी, थे सुकल्याशी मतलब."

ज्या दिवशी थर द्यायचा त्या दिवशी दाराला ओला टॉवेल लटकायचा. टॉवेल दिसला की ओळीतल्या बायकांना कळायचं, आज श्रावणभाऊचा पंखा बंद. मग त्यांच्या दारासमोर झाडू मारायचा नाही. चादर झटकायची नाही. फोडणी द्यायची असेल तर मागच्या बाजूला चूल घेऊन जायचं. उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही. भाऊ आत फरशीवर पाणी शिंपडायचे म्हणजे धूळ बसते, डोक्याला गमछा घट्ट बांधायचे म्हणजे केस पडत नाहीत, आणि भर मे महिन्यात कारखान्याचा जुना खाकी शर्ट घालून बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावायचे. हाताच्या लवेतला एक केस जरी थरात पडला तरी त्यांना तो बाभळीच्या खोडाएवढा दिसायचा.

आणि त्यांची बायको पंचफुलाबाई, तिला त्या दिवशी घर नसायचं. ती माझ्या ओसरीत येऊन बसायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घ्यायची.

"ताई, लोकायचे नवरे रिटायर झाल्यावर भजनाले जातेत, पत्ते खेळतेत," ती म्हणायची. "माया नवरा मले उन्हात बसवते."

"सांगा ना मग त्यांना."

"सांगून पाह्यलं. म्हणते, हवा हालली नाही पाहिजे. अवो, मी म्हटलं, हवा हालणं बंद झालं तं माणूस मरते." मग थोडा वारा घेऊन तीच हसायची. पण हसण्यात दम नसायचा.

काम मात्र बघण्यासारखं होतं. दोन बाटल्या, एक रेझिनची, एक हार्डनरची. हार्डनरला सडक्या मासळीसारखा वास. पंचफुलाबाई म्हणायची, यांच्या काडीले मासा लागायच्या आधीच वास लागते. खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं भाऊ दोन्ही सारखं मोजायचे आणि आइस्क्रीमच्या काडीनं ढवळायचे, इतकं सावकाश, की बघणाऱ्याला जांभई यावी. जोरात ढवळलं की हवा शिरते आणि बुडबुडे होतात. बुडबुड्याला ते फोड म्हणायचे. "घाई केली का फोड येते," हे त्यांचं वाक्य आमच्या ओळीत इतकं रुळलं होतं, की लग्न जुळवण्यापासून घराचा स्लॅब टाकण्यापर्यंत कुठंही वापरायचे लोक.

काडी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली असायची आणि तिच्या बुडाशी एक मंद मोटर. मंडपवाल्याकडून आणलेली, दुर्गेच्या मूर्तीमागचं चक्र फिरवायची मोटर होती ती. काडी तिच्यावर हळूहळू फिरत राहायची. भाऊ ब्रश धाग्याला नुसता टेकवायचे आणि हात तसाच धरून ठेवायचे. "ब्रश थांबला पाहिजे, काडी फिरली पाहिजे. लोकं उलटं करतेत." कोरडा धागा थर पडताच गडद व्हायचा, मरून रंग पार जांभळासारखा व्हायचा. मग स्पिरिटच्या दिव्याची ज्योत लांबून दाखवली की आतले फोड वर येऊन फुटायचे. त्यानंतर काडी तासन्‌तास फिरत ठेवायची, नाहीतर थर एका बाजूला ओघळून पोट सुटतं. भाऊ समोर स्टुलावर बसून राहायचे. काही करायचं नसायचं, नुसतं बसायचं. एवढं थकलेलं आणि एवढं सुखी माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आणि स्वतः त्यांनी कधी मासा धरला नाही, बरं का. पाण्याकाठी बसायचा त्यांना कंटाळा यायचा. खायला मात्र पुढे.

एकदा त्यांच्या कारखान्यातला दोस्त दुर्योधनभाऊ आला. दुर्योधन माणूस दिलदार, पण खर्ऱ्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. प्लास्टिकच्या कागदात सुपारी, तंबाखू, चुना घ्यायचा आणि तळहातावर घासघासून घोटायचा, त्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याची स्वतःची एक काडी होती, करडीच्या तलावावर न्यायची. भाऊंना त्या दिवशी ताप होता. दुर्योधन म्हणाला, "तू झोप बे, मी पाह्यलं आहे किती वेळा, मी देतो वार्निश." आणि त्यानं काय करावं? रेझिन आणि हार्डनर प्लास्टिकच्या कागदात घेतलं आणि खर्रा घोटतात तसं दणादण घोटलं. वर हार्डनर जरा जास्त टाकलं, चुना जास्त टाकला की खर्रा कडक होतो म्हणून.

ती काडी कधीच सुकली नाही. थर असा फेसाळ, जणू दुधाला उकळी आली आहे, आणि चिकट तो चिकटच. दुर्योधन तशीच घेऊन तलावावर गेला. परत आला तेव्हा तिच्यावर मुंग्या, धानाचा कोंडा, आणि कुणाच्या तरी कोंबडीचं एक पीस. भाऊंनी काडी हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली.

"मासा लागला का?"

"नाही ना बे."

"तुयी काडीच धरून राहिली सगळं, मासा कायले येईन?"

मग त्यांनी दुर्योधनला बसवलं, काडी दिव्यावर शेकली आणि ब्लेडनं सगळं खरवडून काढलं. रागावले नाहीत. दुसऱ्याच्या चुकीवर ते कधी रागवायचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. पंचफुलाबाईची बहीण इंदू आली होती तेव्हाचंही तसंच. तिनं दुपारी डोक्याला खोबरेल तेल थापलं, आणि नंतर आपण मदत करावी म्हणून भाऊंच्या बांधून ठेवलेल्या काडीवरची धूळ पदरानं पुसली. तेलकट धाग्यावर थर बसत नाही, जागोजागी फाकतो, देवीचे वण दिसतात तसे खड्डे पडतात. इंदू ओशाळली. "एवढंसं तं लागलं भाऊजी." भाऊ म्हणाले, "लागते. घर आहे, तेल लागनच." आणि ब्लेड उचललं.

मला तेव्हा वाटायचं, काय हा शांत माणूस! आमच्या घरी असा एक असता तर. पुढे कळलं की माणसाकडे राग ठरलेलाच असतो, तो कुठे तरी एका ठिकाणी सगळा खर्च करून बसलेला असतो.

भाऊंनी तो मुलावर खर्च केला होता. राहुल त्यांचा एकुलता एक. आयटीआय झाल्यावर भाऊंनी कारखान्यात आपला शब्द टाकून त्याला लावून दिलं. भट्टीजवळचं काम होतं. पोरानं थोडे दिवस काढले आणि एक दिवस ड्युटी सोडून घरी आला, म्हणाला, माझ्यानं होत नाही. भाऊंनी त्याला आत नेऊन बोलायला हवं होतं. ते बोलले ओळीत, सगळ्यांसमोर. मी दारात तांदूळ निवडत होते, मीही ऐकलं.

"माया शब्दाची माती केली तू. आता मायी भाकर खाऊन मायाच घरात बसशीन काय?"

राहुल म्हणाला, "नाही बसत." कपडे भरले आणि गेला. गोंदियाला गेला. गोंदिया म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, इथून पॅसेंजरनं जाऊन चहा पिऊन परत येता येतं. तिथं त्यानं आधी दुसऱ्याकडे काम केलं, मग स्वतःचं दुकान टाकलं. दुकान कशाचं? मोटारी बांधायचं! शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटारी. बापाचाच धंदा. ही बातमी दुर्योधननं आणली तेव्हा भाऊ रिंग बांधत होते. ऐकलंच नाही असं दाखवून धागा गुंडाळत राहिले. पण त्या दिवशी त्यांचे वेढे एकावर एक चढले, ते मी स्वतः पाहिलं.

राहुल गेला तेव्हा त्याची काडी भिंतीवर राहिली. शाळेत असताना मामानं घेऊन दिलेली, हिरव्या रंगाची. तिची एक रिंग निघाली होती आणि पोरगं रडत होतं, म्हणून भाऊंनी मोटारीच्या दोऱ्यानं ती बांधली आणि मोटारीचंच वार्निश लावलं. ही त्यांनी बांधलेली पहिली काडी. पुढचं सगळं काम त्यातून निघालं. ते जुनं वार्निश आता पिवळं पडून तडकलं होतं.

पंचफुलाबाई अधूनमधून गोंदियाला जायची. माझ्यासोबत गाडीत बसायची, मी तुमसरला उतरायचे, ती पुढे जायची. डब्यात भाजी, कधी अळूच्या वड्या, कधी सुकी मासळी. भाऊ स्टेशनपर्यंतही यायचे नाहीत. पण ती परत येईपर्यंत जेवायचेही नाहीत. आल्यावर विचारायचे, "गाडी टायमावर होती का?" बाकी काही नाही. एकदा ती परत आली आणि माझ्या ओसरीतून, भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, राहुलनं इचारलं, मायी काडी आहे का अजून. म्हणे बाबाले म्हणा, घेऊन या."

पाठवून द्या नव्हे. घेऊन या. आम्हा दोघींनाही ते बरोबर कळलं. भाऊंनाही कळलं. आतूनच म्हणाले, "नेतो. पयले नीट करतो तिले."

आणि इथून तो फेरा सुरू झाला.

भाऊंनी काडी उतरवली, जुनं वार्निश काढलं, सुंदर हिरवा धागा बांधला, टॉवेल लटकवला, थर दिला. दुसऱ्या दिवशी उजेडात धरली तर रिंगेच्या पायाशी एक फोड. डोळ्याला दिसेल न दिसेल असा. नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्यांनी तो दाखवलाही नसता, कारण गिऱ्हाइकाला तो दिसलाच नसता. त्यांनी ब्लेड घेतलं. पुन्हा बांधलं. पुन्हा थर. या वेळी एक केसाएवढा तंतू. ब्लेड. मग म्हणाले, उन्हाळ्यात वार्निश लवकर गोठते, आत्ता नोको, पावसाळा येऊ द्या. पावसाळ्यात म्हणाले, हवा ओली आहे, थर पांढुरका पडते. दिवाळीनंतर हवा कोरडी आणि छान, पण तेव्हा चहूकडे धानाची मळणी, हवेत भुसा. थंडीत रेझिन घट्ट होऊन ओघळतच नाही. अशा बारा महिन्यांत राहुलच्या काडीला एकही महिना चांगला नव्हता. बाकी लोकांच्या काड्या मात्र बाराही महिने होत होत्या आणि एकीवर डाग नसायचा.

मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊ, पोराला काय, तो बघणारही नाही तो फोड."

"तो पाह्यन," भाऊ म्हणाले. "तोच पाह्यन. धंद्यातला आहे आता तो."

त्यात कौतुक होतं की भीती, मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, भीतीच होती. काडी तयार झाली असती तर न्यावी लागली असती. दुकानाच्या पायरीशी उभं राहावं लागलं असतं, आणि पोरानं वर न बघता "ठेवा तिथं" म्हटलं असतं तर? त्यापेक्षा फोड बरा. पंचफुलाबाईला हे माझ्या आधीच कळलं होतं. ती म्हणायची, "काडी खराब नाही होऊन राहिली ताई. त्यायचा धीर खराब होऊन राहिला."

वर्षं गेली. राहुलचं लग्न झालं, बुद्धविहारात, साधंच. लग्नाला आई गेली, दुर्योधनही गेला. भाऊ घरी काडी खरवडत बसले. राहुलला मुलगी झाली. पंचफुलाबाई तिचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन आली आणि मोबाइल नवऱ्याच्या स्टुलाजवळ उघडा ठेवून चहा करायला गेली. परत आली तेव्हा पडदा विझलेला होता. भाऊ म्हणाले, "मोबाइल बंद पडला वाटते." एवढंच. पण तिनं ठेवलेला चहा त्यांच्यासमोरच निवून गेला, आणि भाऊ निवलेला चहा कधी पीत नसत. त्या दिवशी प्यायले.

मग तिचे गुडघे गेले. एकदा ती गोंदियाच्या स्टेशनच्या पुलावर बसलीच, उतरताच येईना. कुणीतरी हात धरून खाली आणलं. घरी आल्यावर माझ्या ओसरीत पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "झालं ताई. आता मायाच्यानं पूल चढणं होत नाही."

"मी नेत जाईन तुम्हाला. सुट्टीच्या दिवशी."

"तुमी किती दिवस न्यान? तुमचेबी पाय आहेत." पुठ्ठा हातात होता, पण ती वारा घेत नव्हती. "राहुल इकडे येत नाही, हे तिकडे जात नाहीत. मीच होती मधातली दोरी. आता थेबी तुटली."

मला रडू आलं. मी रडले नाही, कारण ती रडत नव्हती. भिंतीपलीकडे मोटर फिरत होती.

त्यानंतरचा तो मे महिना. ऊन असं, की दुपारी कावळासुद्धा बसलेल्या जागेवरून हलत नव्हता. शाळेला सुट्ट्या होत्या. सकाळीच टॉवेल लटकला. पंचफुलाबाई भिंतीला धरधरून माझ्याकडे आली.

"कुणाची काडी?"

"थेच. राहुलची."

ती बसली. घामानं तिचं पातळ पाठीला चिकटलं होतं. मी पाणी दिलं, तिनं अर्धं प्यायलं, उरलेलं डोक्यावर थापलं. दोघींनाही माहीत होतं पुढे काय होणार. उद्या उजेड, मग फोड, मग ब्लेड. बराच वेळ गेला. मग ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू, मध्ये थांबत. मला वाटलं मोरीत जात असेल. ती आपल्या दाराशी गेली, ओला टॉवेल काढून खांद्यावर टाकला, आणि आत गेली.

मग मला तो आवाज आला. खट. खट. खट खट खट.

"अवो," भाऊंचा आवाज. "पंखा लागला. बंद कर, बंद कर."

"राहू द्या."

"अवो, वार्निश ओलं आहे. धूळ बसन."

"बसू द्या."

"सगळं खराब होईन ना."

"होऊ द्या खराब," पंचफुलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यात चढायला ताकदच नव्हती. "मी थकली आता. तुमचं वार्निश पाहूनपाहून थकली. पोरगा काही तुमचा गिऱ्हाईक नोहे. त्याले चमकणारी काडी नाही पाहिजे. तुमी पाहिजे. खराब काडी घेऊन जा, पण जा."

मी माझ्या ओसरीत कान देऊन बसले होते. पंखा बंद होईल, आत्ता होईल, असं वाटत होतं. भाऊंच्या स्टुलापासून बटण हातभर लांब होतं. पंखा बंद झाला नाही. संध्याकाळपर्यंत चालत राहिला. खालची मोटरही चालत राहिली, आणि पंख्याच्या वाऱ्यात ती काडी फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ काडी घेऊन अंगणात आले. उजेडात धरली. मी तुळशीला पाणी घालत होते, तिथूनच मला बारीक बारीक कण दिसले. थरात रवा पेरल्यासारखे. आणि मुठीजवळच्या वेढ्यावर एक लांब पांढरा केस, थराच्या आत, वळलेला. भाऊंच्या डोक्याला तर गमछा होता. केस कुणाचा ते सांगायची गरज नव्हती. खिशात ब्लेड असायचंच त्यांच्या. मी वाट पाहिली. त्यांनी अंगठा त्या केसावर ठेवला, मागेपुढे फिरवला. वरून गुळगुळीत होतं.

"पक्कं झालं," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

सुट्ट्या संपल्या. शाळेच्या पहिल्या दिवशी मी स्टेशनावर पोचले तर बाकावर श्रावणभाऊ. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बंद. दोन्ही गुडघ्यांमध्ये उभा धरलेला प्लास्टिकचा लांब पाइप, त्याच्या दोन्ही तोंडांना गमछ्याचे तुकडे बांधलेले. आत काडी. जन्म वरठीत गेलेला माणूस मला विचारतो, "ताई, गोंदियाची गाडी याच फलाटावर येते ना?"

"याच."

"टायमावर आहे?"

"कधी होती?"

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी खिडकी लावून घेतली. वारा नको म्हणून असेल, सवयच ती. चेहरा उतरलेला, रात्रभर झोप नसल्यासारखा. एक माणूस पाइपाकडे बघून म्हणाला, "काय आहे जी? पाण्याचा पाइप?" भाऊ म्हणाले, "हो." तुमसरला उतरताना मी म्हटलं, "भाऊ, गाडी तिथंच संपते, घाबरायचं कारण नाही." ते म्हणाले, "घाबरतो कायले?" आणि पाइप दोन्ही हातांनी धरला.

दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. दोन दाखल्यांवर नावं चुकली. दुपारी पंचफुलाबाईला फोन केला तर ती म्हणाली, "मोबाइल घरीच ठेवून गेलेत. आणि राहुलले मी फोन नाही लावत. लावला, आणि म्हणाला बाबा आलेच नाही, तं? संध्याकाळलोक तरी बसू द्या मले."

संध्याकाळी गाडी उशिरा आली. गर्दीत मला भाऊ दिसले नाहीत. वरठीला उतरले, तेव्हा पलीकडच्या डब्यातून तेही उतरत होते. हात रिकामे होते. पाइप नव्हता.

विचारण्यासारखं काय उरलं होतं? आम्ही चालत आलो, ते पुढे, मी थोडी मागे. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधायचे, कधी खिशात. वळणावर ते थांबले, मी जवळ आल्यावर म्हणाले, "पोरगा वायंडिंग चांगली करते. बारीक हात आहे. वार्निश मात्र घाईत मारते."

"सांगितलं का मग त्याला?"

"सांगतलं." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पोरीनं तो केस पाह्यला. मले इचारते, आबा, हा कोणाचा. म्हटलं, तुया आजीचा."

त्यानंतर काही महिन्यांतच दोघं गोंदियाला राहायला गेले. सामान राहुल गाडी घेऊन आला तेव्हा नेलं. पंखा तेवढा राहिला. मी त्या दिवशी शाळेत होते, त्यामुळे माझ्यासाठी श्रावणभाऊ म्हणजे ती संध्याकाळच.

त्या संध्याकाळी आम्ही ओळीत शिरलो तेव्हा पंचफुलाबाई दारात बसली होती, पाय लांब करून. दिवे लागायची वेळ. तिनं आम्हाला येताना पाहिलं. नवऱ्याच्या तोंडाकडे नाही, आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे आहेत हे नीट बघून घेतलं, दोन्ही. मग जमिनीला हात टेकून उठायला लागली.

"बसून राहा," भाऊ म्हणाले.

"चहा ठेवतो," ती म्हणाली.

"मी ठेवतो. तू बस." आणि ते आत गेले, बाह्यांची बटणं सोडत. जाता जाता त्यांनी पंखा लावला.